साळूमायची धुरी

मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागच्या गल्ल्यांमध्ये बाळंतीण घरी आली, की दुसऱ्या सकाळी साळूबाई दारात हजर. बोलावणं धाडावंच लागायचं नाही.

"तेल कोमट करा, पंखा बंद करा, अन् पोराच्या बापाला भाईर काढा. नुसता दात काढायलाय."

बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून झालं, की ती शेगडीत गोवरीचे निखारे ठेवायची. त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणाची सालं. वर टोपलं पालथं घालायची आणि त्याच्या फटींतून येणाऱ्या धुरावर बाळाला धरायची. दार बंद, खिडकीला गोधडी. बाळ खोकलं तर म्हणायची, "खोकू द्या. कफ सुटायलाय." अशी चाळीस वर्षं गेली. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळ्यांची ती साळूमाय.

इतरांच्या बाळांना ती दिवसातून एकदा धुरी द्यायची. स्वतःच्या नातीला, तनुजाला, सव्वा महिना दोन वेळा दिली. नात होती ना.

तनुजा दोन वर्षांची झाली तेव्हापासून थंडी पडली की तिची छाती वाजायची. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि तोंडात मारायचा पंप लिहून दिला. सून अयोध्यानं तो आणला, तर साळूबाईनं उलटापालटा करून बघितला.

"ह्याची सवय लागती, अयोध्ये."

"डॉक्टर म्हणले नाय लागत, मामी."

"डॉक्टरनं किती लेकरं न्हाऊ घातली?"

अयोध्याचा नवरा रामकिसन कंपनीत, ती स्वतः एका हॉस्टेलच्या पोळ्या लाटायला. पोरीला दिवसभर सांभाळणार सासूच. पंप साखरेच्या डब्यामागं गेला.

छाती वाजली की साळूबाई शेगडी पेटवायची आणि तनुजाला मांडीवर घ्यायची. पोरीला ते फार आवडायचं. आजीची मांडी, आजीच्या पदराला ओव्याचा वास.

"आजी, मला टोपल्यावर बसव ना."

"एवढी घोडी झालीस, टोपलं मोडल माझं."

गेल्या डिसेंबरात सात वर्षांची तनुजा शाळेतून आली तीच धापा टाकत. अयोध्या कामावर होती. साळूबाईनं दार लावलं, शेगडी पेटवली, नेहमीपेक्षा मूठभर ओवा जास्त टाकला.

"वढ, माय. वढ आत. मोकळं व्हतंय बघ."

आजीनं सांगितलं म्हणून पोरीनं ओढला. पुन्हा ओढला. मग तिचं बोलणं थांबलं. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत जायला लागली. अयोध्या घरी आली तेव्हा धुरात तिला आधी सासू दिसली, मग तिच्या मांडीवरची पोर, आणि पोरीची निळी पडलेली नखं.

रिक्षात अयोध्या डब्यामागून काढलेला पंप पोरीच्या तोंडाशी दाबत होती. शेजारी साळूबाई म्हणत होती, "व्हईल, आत्ता व्हईल मोकळं." दवाखान्यात चार दिवस पोरीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती.

डॉक्टर दमयंतीबाईंनी विचारलं, "घरात धूर कशाकशाचा होतो?"

साळूबाईच बोलली, अगदी ऐटीत. "सांजच्याला ऊद. मच्छराला कॉईल. अन् हिला माझ्या हातची धुरी. लहानपणापून."

"आजी, ती धुरीच तिला भोवतेय. तिच्या श्वासनळ्या आधीच सुजलेल्या. त्यात तुम्ही बंद खोलीत धूर घालताय."

"चाळीस वर्षं झाली, बाई. एक लेकरू दगावलं नाय माझ्या हातून."

"दगावलं नसेल. पण पुढं किती जणांना दम लागला, हे सांगायला कुणी आलं का तुमच्याकडं?"



घरी आल्यावर साळूबाईनं शेगडी मागच्या नळाखाली धरली. मग ती जुनी घरं फिरायला लागली. चहाला बसायची नाही, दारातूनच विचारायची, "तुमचा शिवम कसाय? पळताना दम लागतो का त्याला?"

"नाय, माय. काहून?"

"असंच."

पुढच्या दारात कुणी सहज सांगायचं, "हिमांशूला जरा लागतो, थंडीत. लहानपणापूनच हाय." त्यावर ती मान हलवायची. धुरानंच झालं की आणखी कशानं, हे सांगणारं तिला कुणी नव्हतं. आठ-दहा दारं झाल्यावर तिनं विचारणं सोडलं.

फेब्रुवारीत दवाखान्यात श्वासाचा जोर मोजायला तनुजाला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. काटा अर्ध्याच्या जरा वर चढला आणि खाली आला.

"औषधानं सुधारेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण फुप्फुसांची वाढ जी मागं राहिलीय, ती सगळी भरून निघेलच असं नाही. आता घरात धूर अजिबात नको. पंप रोज."

साळूबाईनं उंबऱ्याच्या आत साधी उदबत्तीही येऊ दिली नाही. पंप ती स्वतः द्यायला लागली, बोटांवर मोजत. "धर श्वास. एक, दोन, तीन..."

मार्चात पत्र्याच्या भिंतीपलीकडच्या काकासाहेबांची सून बाळंत होऊन आली.

"साळूमाय, उद्यापून येतीस ना?"

"येते. तेल लावीन, न्हाऊ घालीन. धुरी नाय देणार."

काकासाहेब हसले. "धुरीबिगर तुझं काय काम? तूच सांगायचीस, धूर घेतल्याबिगर लेकराची छाती भरत नाय."

"मी चुकीचं सांगायचे."

"ह्या वयात काय झालं तुला, माय?"

त्यांनी पडेगावची बाई ठेवली. काम तिनं साळूबाईच्याच हाताखाली शिकलेलं.

पहिल्या दिवशी दुपारी तनुजा वह्या पसरून बसली होती. पत्र्याच्या फटींतून बारीक धूर आत आला. साळूबाई पलीकडं गेली. ओळखीचा आवाज आतून म्हणत होता, "खोकू द्या. कफ सुटायलाय." तिनं दार वाजवलं. कडी आतून होती, आणि बाळंतिणीचं दार न्हाणं उरकेपर्यंत उघडायचं नाही, हा नेमही तिनंच गल्लीला घालून दिलेला.

ती परत आली. जुनं लुगडं फाडून फटींत कोंबायला लागली. एक बुजवली की धूर दुसरीतून यायचा.

तनुजानं खोकत मान वर केली. डोळे हसरे होते.

"आजी, तुझा वास येतोय."

साळूबाईनं हातातली चिंधी टाकली आणि पंप शोधायला उठली.