‘अल्पशा आजाराने’ न लिहिणाऱ्या आटपाडीच्या साप्ताहिकाकडे

माझे वडील, आबा, शिरवळच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन आहेत. मूळ आटपाडीचे, मेंढपाळांच्या घरातले. तिथलं चार पानी साप्ताहिक अजून पोस्टाने आमच्याकडे येतं. घरात पदवी घेतलेली पहिली मीच, त्यामुळे पेपर मोठ्याने वाचायचं कामही माझं.

मोठ्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत हृदयविकार आला की कोट घातलेला माणूस छाती धरून उभा असतो. शेजारी ऑलिव्ह तेल, ट्रेडमिल. माहिती खोटी नसते. पण आबा म्हणायचे, “ह्यो सायबांचा रोग हाय.” साप्ताहिकात मात्र निधनवार्तेखाली, गेलेल्या माणसाला आधी काय झालं होतं, ते लिहिलेलं असायचं. असं कोण लिहितं ते बघायला मी निघाले.

पहाटेची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे. उंब्रजला गाडी थांबली तर गरम भजी सोडू नका. कराडला गाडी बदलायची आणि विट्यानंतर खिडकी मिळवायची. ऊस मागे पडतो, माळ सुरू होतो, मधूनच डाळिंबाची बाग दिसते. एका वळणावर मेंढरांनी रस्ता अडवला, तेव्हा ड्रायव्हरने गाडीच बंद केली. “त्यास्नी घाई न्हाई, मला कशाला?”

साप्ताहिकाचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. संपादक बिरूअण्णा सत्तरीचे. मी नाव सांगत होते तेवढ्यात एक माणूस वडिलांची निधनवार्ता घेऊन आला. अण्णांनी चष्मा वर केला.

“‘अल्पशा आजाराने’? अल्पशा आजारानं माणूस मरतंय व्हय रं?”

“आवं अण्णा, समदी तसंच लिवत्यात.”

“समदी लिवत्यात म्हणून तर कुणाला कळत न्हाई. काय झालतं?”

“पित्त.”

“कवापास्नं?”

“सकाळी शेरडं चरायला सोडली तवापास्नं. छाती भरून आली, डाव्या हाताला मुंग्या. सोडा प्याला. दुपारी न्हेला, तर डाक्टर म्हनला अटॅक हाय, उशीर झाला.”

अण्णा एकेक शब्द लिहून घेत होते. “छापू का?”

“छापा. पर माझं नाव घालू नगा. पित्त हाय म्हनलो, ते मीच.”

गेले चार दिवस जिना चढताना आबा छाती चोळत होते, आणि लिंबू पिळून सोडा मीच देत होते.

बाहेर येऊन फोन लावला.

“काय न्हाई गं, पित्त हाय,” आबा म्हणाले.

“आबा, अण्णांच्या पेपरात येणार आहे ते ऐका,” म्हणत मी शेरडांपासून सोड्यापर्यंत सगळं सांगितलं.

“माझं दोन्ही हात भरून येत्यात. त्ये बी त्यातच धरायचं का?”

अण्णांनी माझ्या हातातला फोन घेतला. “गड्या, मी अण्णा बोलतोय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. न्हाईतर तुझी बातमी लिवायला लावशील, आन् माझ्याकडं जागा न्हाई.”

शेजाऱ्यांनी रिक्षातून त्यांना दवाखान्यात पोचवलं. परतीच्या गाड्यांत मी काय खाल्लं, काय पाहिलं, काही आठवत नाही, म्हणून तो भाग लिहीत नाही. मी पोचले तेव्हा आबा पलंगावर पडून नर्सला आटपाडीची डाळिंबं कशी गोड असतात ते सांगत होते. अटॅक येण्याच्या बेतात होता. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले.

पुढचा अंक पोस्टाने आला. त्यात ती शेरडांची, सोड्याची बातमी होती. मुलाचं नाव नव्हतं. आबांनी ती स्वतः वाचली, बोट ठेवून. मग कापली.

आता ती गेटवरच्या केबिनच्या काचेवर आहे. परवा डबा द्यायला गेले तर आबा एका ट्रक ड्रायव्हरला अडवून विचारत होते, “पित्त म्हंतोस? कवापास्नं?”