मिस्त्रींचं मशीन सुरू का होईना

दुकानात कुणी बंद इंजिन घेऊन आलं की ताई त्याला हात लावण्याआधी विचारते, "गेलं कसं? आचके देत की झटक्यात?"

"अहो, तुम्ही मिस्त्री की डॉक्टर?" फवारणीचा पंप घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी तिला विचारलं होतं.

"डॉक्टरला पेशंट बोलतो तरी. इथं पेशंट मुका आणि नातेवाईक थापाडे. पेट्रोल जुनं भरलंय ना?"

गृहस्थ छताकडे बघू लागले. पेट्रोल जुनं होतं.

आचके देत गेलं तर पेट्रोल पोचत नाही, झटक्यात गेलं तर ठिणगी पडत नाही. लहान टू-स्ट्रोक इंजिनाचं निम्मं दुखणं या एका प्रश्नात कळतं, हे तिला वडिलांनी शिकवलं. वडील म्हणजे मिस्त्री. दुकान मूळचं त्यांचं. एका शटरची खोली, खिळ्यांवर टांगलेल्या स्टार्टरच्या दोऱ्या, दाराशी लाकडी बाक आणि फरशीत मुरलेलं ऑइल. गवत कापायची मशीनं, फवारणीचे पंप, लाकडाच्या करवती, जे जे दोरी ओढून सुरू होतं ते सगळं इथं येतं. पूर्वी लोक तिला 'मिस्त्रींची मुलगी' म्हणायचे. आता मिस्त्रींना 'ताईचे वडील' म्हणतात. "ही बढती आहे," मिस्त्री सांगतात. "मान तोच, डोक्याला ताप नाही."

दुकान मुलीच्या हाती दिलं तरी घरी बसणं त्यांना मानवलं नाही. "घरी राहिलो तर तुझी आई भाजी निवडायला लावेल, आणि मग निवडलेली परत निवडेल." म्हणून त्यांनी दोन गल्ल्यांपलीकडच्या पाण्याच्या टाकीभोवतीचं गवत कापायचं काम धरलं. स्वतःचं जुनं मशीन घेऊन सकाळी निघायचे, दुपारी पँटवर हिरवे ठिपके घेऊन परतायचे, आणि जेवणाला चव असायची.

ते मशीन रुसलं.

"सुरू होत नाही," मिस्त्रींनी ते बाकावर ठेवलं.

"गेलं कसं?"

"जायला आधी यायला हवं. सकाळी थंड असताना नखरे करतं."

ताईनं चोक लावून दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन बोललं. मिस्त्रींनी मान हलवली, मशीन उचललं आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

तिनं प्लग काढला. ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. पुसून, धातूला टेकवून पाहिला. ठिणगी निळी आणि खणखणीत. हवेची जाळी धुतली. सायलेन्सरच्या तोंडाची काजळी खरवडली. पुढच्या खेपेला कार्बोरेटर उघडून आतला रबरी पडदा बदलला. त्याच्या पुढच्या खेपेला मशीनची टाकी रिकामी करून ऑइल मोजून नवं मिश्रण भरलं. दुकानात इंजिन दरवेळी सुरू व्हायचं आणि पाण्याच्या टाकीपाशी गेलं की तोंडात मिठाची गुळणी.

इकडे गवत वाढत होतं. टाकीवरचे मुकादम एक दिवस म्हणाले, "मिस्त्री, गुडघ्याला लागलं की हो. जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघतो." हे मिस्त्रींनी घरी हसत हसत सांगितलं. पानातलं मात्र निम्मं तसंच राहिलं.

सुट्टीच्या दिवशी ताई आईकडे गेली आणि मशीनचं रडगाणं तिच्यापुढे गाऊन बसली. आई वाळलेले कपडे आवरत होती.

"मशीन मशीन काय करतेस? सदरा घालायला मला हात द्यावा लागतो त्यांना. उजवा खांदा वर जात नाही. तुला सांगायचं नाही अशी ताकीद आहे."

"मग सांगतेस कशी?"

"मी कुठं सांगितलं? मी घड्या घालतेय."

ताईला दुकानाचा नियम आठवला. दुरुस्त झालेलं इंजिन मालकानं स्वतः ओढून सुरू केल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू द्यायचं नाही, हा मिस्त्रींचाच नियम. सरावलेल्या हातात आजारी इंजिनसुद्धा लाजेकाजेनं सुरू होतं, म्हणून. ताई तो प्रत्येक गिऱ्हाइकाला लावत आली होती. फक्त वडिलांच्या हातात दोरी द्यायचं तिला कधी सुचलं नव्हतं. ज्यांनी ओढायला शिकवलं, त्यांना काय ओढून दाखवायला लावायचं?

दोरी एका झटक्यात ओढली तरच आतलं चुंबक जोरात फिरतं आणि ठिणगी पडते. सावकाश ओढत राहिलं तर नुसतं पेट्रोल आत जातं आणि प्लग भिजतो. ओला प्लग रोज तिच्या हातात येत होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. ताईनं मशीन जमिनीवर ठेवून पायानं दाबून धरलं.

"बाबा, आज तुम्ही ओढा."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. "आई बोलली वाटतं?"

"आई घड्या घालत होती."

ते वाकले. दोरी अर्धीच बाहेर आली. इंजिन नुसतं खाकरलं. त्यांनी पुन्हा ओढली, दात आवळून. मग दोरी सोडून दिली आणि बाकावर बसून खांदा दाबत राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं," ताई म्हणाली.

"पहिल्या दिवशीच. तिथंच प्लग काढून पाहिला, तर ओला."

"मग मला पडदा कशाला बदलायला लावलात?"

"म्हटलं, तुला काही सापडलं तर बरंच. तुझी नजर बारीक आहे. माझ्या हातून एखादी गोष्ट सुटली असेल."

ताईनं बोळ्यानं हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

"हलक्या ओढीचा स्टार्टर..."

"या मॉडेलला बसत नाही. शोधून झालं."

"डॉक्टरांकडे जायचं. उद्याच."

"जाऊ की. ते काय लगेच नवा खांदा बसवणार आहेत? गवत थांबणार आहे का तोवर?"

ती त्यांच्याजवळ बसली. तिनं गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "एकदा चालू झाल्यावर त्रास देतं?"

"छे. गरम असलं की अर्ध्या ओढीत उठतं. डाव्या हातानंसुद्धा."

दोघंही मशीनकडे बघत राहिले.

"तू सकाळी दुकान कधी उघडतेस?" मिस्त्रींनी विचारलं. उभ्या आयुष्यात त्यांनी ते शटर जितक्या वेळा उघडलं होतं, तितक्या वेळा तिनं अजून उघडलं नव्हतं.

"तुम्ही याल तेव्हा."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मिस्त्री पायरीवर बसलेले होते. तिनं दोरी ओढली तेव्हा त्यांनी समोरच्या विजेच्या तारा न्याहाळल्या. इंजिन लागलं. ते गरम होईपर्यंत दोघं ऐकत उभे राहिले. मिस्त्रींनी इंजिनाची मंद चाल ठरवणारा स्लोचा स्क्रू किंचित फिरवला, कान दिला आणि होता तिथं परत आणला. मग इंजिन बंद करून मशीन डाव्या खांद्याला अडकवलं.

"येतो," म्हणाले आणि झपाझप निघाले. इंजिन थंड व्हायच्या आत पोचायला हवं होतं.

करवत घेऊन आलेला एक सुतार दारात येऊन थांबला. "ताई, जरा हे बघा ना..."

"एक मिनिट दादा, बोलू नका."

सुतार करवत हातात धरून उभा राहिला. टाकीच्या बाजूनं एक फुरफुर आली आणि विरली. ताईनं शटरची कड धरली. पुन्हा आवाज आला, चढला, आणि मग थांबला नाही.