गाडीचा थ्रॉटल आणि माझा उजवा पाय

गेल्या रविवारी आमच्या इंदिरानगरच्या पार्किंगमध्ये मी गाडीत चक्क मांडी घालून बसलो होतो... आणि त्या दिवशी तेच माझं सगळ्यात मोठं काम होतं!

झालं असं, की शनिवारी गाडीचा थ्रॉटल मी स्वतःच साफ केला. इंजिनात हवा सोडणारी ती छोटी झडप असते ना, ती काजळीने काळीकुट्ट झाली होती. बॅटरीची वायर काढली, स्प्रे मारला, फडक्याने हळुवार पुसली... अगदी पितळी समईसारखी चकाकली. मी काही शिकलेला मेकॅनिक नाही, पण व्हिडिओ बघून आणि हात काळे करून एवढं जमतं.

सगळं जोडून गाडी सुरू केली, तर भलतंच. उभ्या गाडीत आरपीएमचा काटा अठराशेवर, एरवी असतो साडेसातशेच्या आसपास! पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर बैलासारखी उसळली, सोसायटीचं गेट थोडक्यात वाचलं.

आणि सोमवारी सकाळी निफाडहून माझ्या थोरल्या बहिणीला आणायचं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. घाबरून दोनदा तिने तारीख मोडली होती. या वेळी एकच अट... "तू सोता गाडी घिऊन आला तर यीन. दुसऱ्या कोनाच्या गाडीत मी बसायची नाय." अशा उसळणाऱ्या गाडीत आक्का बसली असती, तर पहिल्याच वळणावर परत घरी!

रविवारी सकाळी अंबडच्या गॅरेजवाल्या युनूसभाईला फोन लावला. तो हसायलाच लागला. "काका, झडप साफ झाली, पण गाडीच्या कॉम्प्युटरला कुठे माहितीये? त्याला नव्याने शिकू द्या."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दार फुगून घट्ट बसलं की आपण रोज जोर लावून ढकलतो. सुतार तासून जातो, तरी हात तेवढाच जोर लावतो आणि दार धाडकन भिंतीवर आपटतं. गाडीचं अगदी तेच झालं होतं, काजळीच्या सवयीने कॉम्प्युटर झडप अजून जास्तच उघडत होता.

युनूसभाईने माझ्या गाडीची रीत सांगितली (प्रत्येक गाडीची वेगळी असते हं). चावी नुसती ऑन करून थोडं थांबायचं, बंद करायची, पुन्हा थांबायचं. मग न्यूट्रलमध्ये स्टार्ट करून एसी, दिवे सगळं बंद ठेवून इंजिन गरम होऊ द्यायचं. आणि मुख्य म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही!

तीनदा केलं... तिन्ही वेळा काटा वरच. युनूसभाई स्पीकरवर विचारतोय, "काका, पाय लावला का?" मी म्हणतोय, "छे रे, शप्पथ!"

आमच्या सौ. गाडीच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. "अहो, शपथ कसली घेता? चावी फिरवायच्या आधी दोनदा दाबलंत. मी बघतेय ना मघापासून!"

मला पत्ताच नाही! तीस वर्षं साखर कारखान्याची कार्बोरेटरवाली जीप चालवली. दोनदा पॅडल मारल्याशिवाय ती सुरूच व्हायची नाही. जीप कधीच भंगारात गेली... पाय अजून तिच्यातच बसलाय.

"पाय वर घ्या बघू," सौ. म्हणाल्या. "जेवायला बसता तशी मांडी घाला." फोनवरून युनूसभाई म्हणाला, "काकू, तुम्ही उद्यापासून गॅरेजला या."

सीट मागे सरकवली, चपला काढल्या, मांडी घातली. चावी फिरवली... सोळाशे... तेराशे... हजार... इंजिन गरम झालं आणि काटा साडेसातशेवर असा शांत बसला, की मी आनंदाने हॉर्नच वाजवला! दोन मजल्यांवरचे लोक गॅलरीत आले.

सोमवारी आक्का पुढच्या सीटवर बसून आली. ओझरच्या सिग्नलला म्हणते कशी, "बंद पडली का रं गाडी?" तिला काय सांगू, हे ऐकायला मी किती आसुसलो होतो!

ऑपरेशन छान झालं. मंगळवारी पट्टी काढली, तेव्हा आक्काने समोर बसलेल्या मला डोळे बारीक करून न्याहाळलं. "आरं, किती म्हातारा झाला तू! लय दिवस दिसलंच नाय मला."

डॉक्टर, युनूसभाई आणि माझ्या पायावर नजर ठेवणारी माझी बायको, तिघांचे मनापासून आभार. म्हातारा म्हटल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता...