हात लावल्याबिगर लाभ न्हाय

"तुझ्या बापाची नक्कल कर."

वसंतराव म्हणाले. हातात बशी, बशीत चहा. साखर कारखान्याच्या मॅनेजरचं हापिस. चार खुर्च्या, चारींवर माणसं. मी उभा. आन् दारात माझा बापबी उभा. आबा. त्या कारखान्यात हमाल. गोडाऊनची किल्ली द्यायला आलेला.

"पोती मोजताना कसा ओरडतो रे तो? दाखव करून. मॅनेजरसाहेबांनी ऐकलं नाही अजून."

मी केली.

खोटं कशाला सांगू. लाजत न्हाय, झोकात केली. पाठीत वाकलो, मान तिरपी टाकली, आन् नाकातनं सूर लावला, "लाभ रं लाभ! दोन रं दोन! तीन रं तीन!" आमच्याकडं पोती मोजताना पहिल्याला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणत्यात. मॅनेजर पोट धरून हसला. वसंतरावांचा चहा प्यांटीवर सांडला. मला आणिक चेव आला. मी आबाचा खोकलाबी काढला.

आबानं किल्ली टेबलाच्या कडंला ठिवली. "ब्येस केलंस," म्हणाला. गेला.

स्वराज्याला धा वर्सं झालेली. मी इंदापूर तालुक्यातला, महारवाड्यातला. बारामतीच्या बोर्डिंगात ऱ्हाऊन मॅट्रिक झालो. तितं मास्तर, रेक्टर, एस्टीचा कंडक्टर, समद्यांच्या नकला करायचो. नक्कल केली की मार चुकायचा, कधीमधी भाकरीबी जास्त पडायची. पुढं पुण्यात बी.कॉम. झालो आन् हिशेब तपासणाऱ्या एका बड्या फर्ममधी आर्टिकल क्लार्क लागलो. तीन वर्सं उमेदवारी. मग मोठे साहेब दाखल्यावर सही करणार, मग परीक्षेला बसायचं. सही न्हाय तर तीन वर्सं मातीत. माझे दोन म्हयने राहिले व्हते.

वसंतराव माझे सिनिअर. मोठ्या साहेबांचे भाचे. मी आकडे वाचायचे, त्यांनी हिरव्या पेन्सिलीनं खुणा करायच्या. पर पेन्सिल माझ्या हातनं घ्यायचे न्हाईत. "टेबलावर ठेव." मी ठिवायचो, मग ते उचलायचे. माझा कप खिडकीत. मी त्याचीबी नक्कल करून हापिसातल्या पोरांना हसवायचो. हसणं आपल्याच अंगावर पडतंय, ह्ये कळायला मला लई वेळ लागला.

वर्साला एकदा आमी माझ्या गावाजवळच्या ह्या कारखान्यात साखरंची पोती मोजाया यायचो. वसंतराव गोडाऊनच्या दारात खुर्ची टाकायचे. थप्पी किती पोती लांब, किती रुंद, किती उंच, ते लांबनं बोट फिरवून मोजायचे. गुणाकार मी करायचा. कागदावर मी लिवायचं, 'प्रत्यक्ष मोजली'. खाली माझी सही, त्याच्यावर त्यांची. झालं. चला जेवायला.

गेल्या वर्सी असंच मोजलं. चार म्हयन्यांनी थप्पी उतरली तर पोती कमी. आमच्या कागदावर तर भरलेली. म्हंजे मागनं कुणी तरी नेली. कुणी? हमालांनी. आबाच्या टोळीतला किसनतात्या, पंधरा वर्सं पाठीवर पोती वाह्यलेला माणूस, त्याला चोर म्हणून गेटाभाईर काढला. त्याच्या पोरीची सोयरीक मोडली. औंदा ते गोडाऊन आबाच्या नावावर व्हतं, पोती कमी भरली तर चोर आबा.

नक्कल केली त्या दिवशी सांजच्याला घरी गेलो. आबा उंबऱ्यात तंबाकू मळत बसलेला. मी म्हणलं, "आबा, रागावला का?"

"नक्कल केलीस त्याचं काय न्हाय. चुकीची केलीस."

"काय चुकलं?"

"लाभ म्हणलास, पर हात कुठं लावलास? मी पोत्याला हात लावल्याबिगर लाभ म्हणत न्हाय. हात लागला तर पोतं. न्हाय तर निस्ता वरडा."

तंबाकू तोंडात टाकली. 

"किसनाच्या टायमाच्या कागदावर तुझीबी सही हाय न्हवं? तवा हात लावला व्हतास?"

मला कुणाचाबी आवाज काढता येतो. तवा माझाच निघंना.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पुण्याहून मोटारीनं येणार व्हते. म्हणून वसंतरावांना घाई. गोडाऊनच्या दारात खुर्ची. मांडीवर रुमाल.

"वीस लांब, बारा रुंद, पंधरा उंच. किती?"

"छत्तीसशे."

"लिही. प्रत्यक्ष मोजली. सही कर."

"साहेब, वर चढून बघतो."

"वर चढायला तू काय हमाल आहेस?" मग स्वताच हसले. "अरे हो! आहेसच की."

चढलो. आबानं खांदा दिला. वर गेलो आन् वाकून एकेका पोत्याला हात लावत निघालो. लाभ. दोन. तीन. कडंची पोती गच्च. मधी गेलो तर हाताखालचं पोतं दबलं. उचललं तर हलकं. आत साखर न्हाय, चिपाडाचा भुसा. तसली पोती बाजूला सारली. खाली फळ्या. फळ्या काढल्या. खाली विहीर. साखरंच्या भिंतींची रिकामी विहीर.

मी आत उतरलो. तळाला पाय लागले. किसनतात्यानं चोरलेली म्हणत्यात ती पोती अशीच असणार. कधी नसलेली.

भाईर मोटारीचं दार वाजलं. वसंतराव मोठ्या साहेबांना सांगाया लागले, "मामा, झालंच आपलं."

मी गळा साफ केला. वसंतरावांची दाताखालची सुपारी, त्यांचं ते 'अरे हो', समदं तोंडात घेतलं आन् थप्पीच्या पोटातनं वरडलो, "मामा! छत्तीसशे पोती! प्रत्यक्ष मोजली! प्यांट मळेल म्हणून हात तेवढा लावला नाही!"

भाईरनं मोठ्या साहेबांचा आवाज आला,

"वसंता, कोण बोललं?"

आबानं मागनं सांगितलं, वसंतरावांचं तोंड मिटलेलं व्हतं आन् आवाज त्यांचाच यत व्हता.

"अरे हो! गेल्या वर्षी पण अशीच मोजली! किसननं नेली नाहीत मामा! पोती नव्हतीच! मी खुर्चीत होतो!"

आन् मी परत थप्पीवर चढून भुशाची पोती एकेक करून खाली फेकाया लागलो. हमालांतला एक जण हसला. मग दुसरा. मग समदी टोळी. पत्र्याचं गोडाऊन दणाणलं.

त्या दिवशी समदी थप्पी हात लावून मोजली. आबाच्या टोळीवर काय आलं न्हाय. आता कुणाला वाटंल, झालं, पोरानं मैदान मारलं.

वसंतरावाचं काय झालं? काय न्हाय. मुंबईच्या कामावर धाडला. भाईरची माणसं लावून पोकळ थप्पी रचून घेणारा मॅनेजर तितंच. किसनतात्या गेटाभाईरच. मला मोठ्या साहेबांनी पुण्यात बोलावलं.

"गेल्या वर्षीच्या कागदाबद्दल कुठं बोलायचं नाही. मग सही करतो."

दाखला टेबलावर ठिवला. तो उचलायला मी हात पुढं केला, तसा त्यांनी आपला हात पटकन मागं घेतला.

मी दाखला तितंच सोडला आन् पायऱ्या उतरलो.

किसनतात्यानं कामगार कोर्टात अर्ज केलाय. साक्षीदार मी. तितं नक्कल न्हाय, माझ्या आवाजात सांगणार. लिवलं मी. सही माझी. पोत्याला हात लावला न्हवता. वकील इचारंल, म्हंजे तू खोटारडा? व्हय म्हणणार. मी खोटा ठरलो की माझ्या सहीवरची सही कुणाची, ह्ये त्यांना इचारावंच लागंल. मी एकटा बुडणार न्हाय. वसंतरावाला गळ्यात घिऊन बुडणार.

माणसाला हात लावाया जो भितो, तो पोत्याला काय लावणार? मी पावणेतीन वर्सं त्याच्या खुर्चीमागं हिंडलोय. त्यानं लांबनं मोजलेलं एकेक गोडाऊन मला तोंडपाठ हाय. एकेकावर हात ठिवत जाणार. एकबी सोडणार न्हाय.

पहिला हात माझ्या सहीवर.

लाभ.