सातवी बॅटरी

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात सुयोग धुरी सहा बॅटऱ्या ओळीने मांडून प्रत्येकीवर पट्टी चिकटवत होता: चार तास, चार तास, चार तास. ऑक्सिजनची यंत्रं भाड्याने देण्याचं काम तो अकरा वर्षं करतोय.

समोर वर्सोवा कोळीवाड्याचे चंदरमामा नाकात नळी लावून बसले होते. उद्या रात्री ते मुलगी कल्पिताबरोबर अमेरिकेत नेवार्कला निघणार होते. मुलगा विपुल तिकडे आहे. कागदपत्रं अडकल्याने त्याला इकडे येता येत नाही. मामांना या प्रवासानंतर विमानात बसू देणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

विमान कंपनी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या मागते. कल्पिताने मोबाइल पुढे धरला.

"साडेबारा हजार किलोमीटर, चौदा तास. दीडपट एकवीस. सहा बॅटऱ्यांचे चोवीस होतात. बस ना, दादा?"

"हे सरळ रेषेतलं आहे, ताई. तिकिटावरचं बघा."

तिकिटावर साडेसोळा तास होते. मधल्या काही देशांचं आकाश विमानांना बंद, त्याला वळसा. वर समोरून वारा. दीडपट पावणेपंचवीस. म्हणजे सात बॅटऱ्या.

"पाऊण तासासाठी अडवणार?"

"अडवलं तर बरं. नाही अडवलं तर जास्त वाईट."

सुयोग किलोमीटर मोजत नाही. गिरणीच्या धुळीने फुप्फुसं गेलेल्या वडिलांना तो शेवटचं गावी नेत होता. कणकवली साडेचारशे किलोमीटर, म्हणून दहा तासांचा सिलिंडर घेतला. गणपतीचे दिवस होते. माणगावच्या कोंडीत गाडी सहा तास अडकली. सिलिंडर गावाच्या बराच अलीकडे संपला. याहून जास्त तो सांगत नाही.

चंदरमामा हसले, मग खोकले. "बोटीवर डिझेल मी कधी अंतर बघून भरलं काय गो? उलटा वारा धरूनच भरायचं. दे रे सातवी."

"इथे नाही, मामा. बोरिवलीत एका आजींकडे आहे."

"मग मागवून घ्या ना!" कल्पिता म्हणाली.

"त्यांना लावलेली आहे."

"परत कधी येणार?"

सुयोगने पट्टीचं रीळ खणात ठेवलं. कल्पिताला कळलं. आजी आहेत तोवर ती बॅटरी येणार नव्हती.

"राहू दे," मामा म्हणाले. "मी विपुलला फोनवर बघेन."

ते गेल्यावर सुयोगने मुलुंड आणि घाटकोपरच्या दुकानांत विचारून पाहिलं. या यंत्राची बॅटरी कोणाकडेच नव्हती.

सहा वीसला फोन वाजला. बोरिवलीच्या आजींचा नातू, सिद्धेश. आवाज शांत होता.

"दादा, मशीन कधी नेताय?"

उद्याच्या फेरीच्या कागदावर पहिली ओळ बोरिवलीची आहे: सकाळी साडेआठ, यंत्र परत आणणे. बॅटरी पूर्ण भरायला चार तास लागतात. विमान रात्री दहा पन्नासला आहे.