पिठावर गिरवलेली बाराखडी

माहेरी भावाच्या पाटीवरून मी थोडी अक्षरं नुसती बघून आणि त्याचं घोकणं ऐकून उचलली होती. लग्न होऊन खालापुराकडे आले, तेव्हा ती विसरू नयेत म्हणून सगळ्यांच्या आधी उठायची. नाचणीचं दळण भराभर उरकायचं आणि जात्याभोवतीच्या पिठात बोटानं अक्षरं गिरवायची. पण जातं थांबलं की आतून सासूबाईंची हाक यायचीच, "झोपलीस का गं?" म्हणून डाव्या हातानं रिकामं जातं फिरवत ठेवायची. झालं, एक दिवस दगडाला दगड घासून कच पिठात उतरली आणि न्याहारीला मामंजींच्या दाताखाली आली.

दुसऱ्या पहाटे सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. पिठातली अक्षरं त्यांनी हातानं पुसली. "बाईमाणसाला ह्ये कशाला गं? आन् येवढा येळ हाय तुला, तर उद्यापासून थोरल्या घरचं दळण बी घे."

"आत्याबाई, थोरल्या मामंजींच्या घरात तर तीन सुना हायत ना?"

"त्या दमतात गं."

दमतात! आणि मी काय लोखंडाची होते? झोप मोडायची माझी आणि त्या वेळेवर हक्क साऱ्या भावकीचा! आज सांगतानासुद्धा माझं डोकं तापतं बघा.

थोरल्या घरची नाचणी आली, ती मी दळली. मुकाट्यानं नाही हं. ओवीच्या चालीवर मोठ्यानं बाराखडी म्हणत दळली. जात्यावर गायला कुणाची मनाई नव्हती.