कुंपणापलीकडे बसलेला नर

ऑर्लन स्ट्राउड हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या वायोमिंगच्या गावात त्याच्याइतका सरळ माणूस नाही आणि त्याच्याइतका डोकं उठवणाराही नाही. नियम म्हणजे नियम! गावातल्याच रॉइस अमंडसनचा मुलगा जखमी हरणामागे कुंपण ओलांडून परक्या रानात शिरला, तेव्हा शिकारखात्याला फोन केला तो ऑर्लननेच. पोराचा परवाना गेला. तेव्हापासून रॉइस ऑर्लनला बघितलं की थुंकतो. मला त्यात रॉइसचं फार चुकतंय असं कधी वाटलं नाही.

ऑर्लनला नाद एकच, धनुष्यबाणाच्या शिकारीचा. त्यातही त्याला हवा होता एकच नर. म्यूल डिअर जातीचं हरीण, गाढवासारखे लांब कान आणि डोक्यावर झाडच उगवल्यासारखी शिंगं. दरवर्षी तो दिसायचा आणि दरवर्षी हातावर तुरी देऊन जायचा. यंदा डॉक्टरने ऑर्लनच्या खांद्याचं ऑपरेशन ठरवलं होतं. म्हणजे पुढच्या वर्षी धनुष्य भिंतीवर. ताई मला म्हणाली, "जा रे त्यांच्याबरोबर. एकटे गेले तर तिकडेच राहतील."

सप्टेंबरातल्या एका सकाळी नर उतारावरच्या झुडपांत बसलेला सापडला. ऑर्लनने बूट काढून माझ्या हातात दिले. शेवटचं अंतर आमच्याकडे नुसत्या मोज्यांवर कापतात, पाऊल वाजू नये म्हणून. निवडुंगाचे काटे तळव्यात घेत तो सरकत राहिला आणि मी वरून दुर्बिणीतून बघत राहिलो. नर उठला. बाण सुटला आणि त्याच क्षणी नराने एक पाऊल पुढे टाकलं. बाण काळजाऐवजी पोटात बसला.

नर लडखडत खाली गेला, कुंपणाच्या तारेखालून सरपटला आणि पलीकडे जाऊन बसला. पलीकडचं रान रॉइसचं. रॉइसला फोन मीच केला.

गाडीचं दार आपटून रॉइस उतरला. "काय ऑर्लनसाहेब, कुंपण दिसतंय ना?"

"शिंगं तू घे रॉइस, मांस तू घे. मला फक्त त्याला संपवू दे."

"माझं पोरगंही हेच म्हणत होतं."

 तिकडे नर मान टाकायचा, परत उचलायचा.

"दाजी, घुसा सरळ. बघू काय करतो तो!"

"तो हो म्हणेपर्यंत नाही."

असा संताप आला मला! जनावर तडफडतंय आणि हा परवानगीची वाट बघतोय. पण मी तरी काय करत होतो? बूट धरून उभा होतो. ऊन चढलं. शेवटी ते बघणं रॉइसलाच सोसेना. त्याने तार वर उचलून धरली. "जा, मर एकदाचा."

ऑर्लन नराच्या पुढ्यात पोचला. त्याने धनुष्याची दोरी ओढली, ती अर्ध्यावरून परत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा गेली. खांदा साथच देईना. नर कान त्याच्याकडे वळवून नुसता बघत होता. ऑर्लनने आमच्याकडे तोंड फिरवलं. तो रडत होता.

रॉइसने गाडीतून बंदूक काढली. हा महिना फक्त धनुष्याचा, आणि रॉइसकडे तर परवानाच नव्हता. त्याने एकच गोळी झाडली.

"आता कर फोन," तो म्हणाला. "नंबर पाठच असेल तुला."

ऑर्लन नराजवळ खाली बसला. मग त्याने खिशातून मारलेल्या जनावराला बांधायची, स्वतःच्या नावाची परवान्याची चिठ्ठी काढली, नियमाप्रमाणे चाकूने तिच्यावरचा शिकारीचा दिवस आणि महिना कापला आणि ती शिंगाला बांधायला घेतली. म्हणजे हा नर ऑर्लन स्ट्राउडने मारला, बाणाने. जन्मात पहिल्यांदा तो खोटं बोलत होता आणि गाठ काही बसेना.

शेवटी रॉइस खाली वाकला आणि त्याने गाठीवर बोट दाबून धरलं.